‘खिडक्या गळतात’ : बडोद्यातल्या एका टेनामेंटचं प्रकरण

हे प्रकरण घरमालक जोडप्याच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांना इथे काका आणि काकू म्हणेन, कारण मी त्यांना तसंच म्हणतो. काका आणि माझे वडील एकाच कारखान्यात नोकरीला होते. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. खिडक्या बसवणाऱ्याचं नाव देत नाही आणि त्याची गरजही नाही. मी व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर आहे, कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलेला. तरी या कामाच्या सुरुवातीला मला कुणी विचारलं नव्हतं. खिडक्यांसाठी इंजिनिअरला कोण विचारतं?

पार्श्वभूमी

घर कारेलीबागेत, १९८० च्या दशकातलं टेनामेंट. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, इकडे टेनामेंट म्हणजे शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेलं, खाली-वर दोन मजल्यांचं छोटं घर. पुढे ओटा, मागे चौक. भिंती नऊ इंची विटांच्या. खिडक्यांच्या चौकटी लाकडी होत्या आणि वाळवीने आतून पोखरल्या होत्या. वरून रंग शाबूत, पण बोटाने दाबलं की आत भुसा.

२०२४ ची उत्तरायण, म्हणजे संक्रांत, झाल्यावर काकांनी ठरवलं की या वेळी सगळं यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, करून टाकायचं, म्हणजे वाळवीची कटकटच नको. तळमजल्यावर तीन खिडक्या, वर सहा, वरच्या गॅलरीला एक मोठा सरकता दरवाजा, खालच्या दोन खोल्यांना नवे फ्लश डोअर (सपाट लाकडी दरवाजे) आणि दोन बाथरूमचे दरवाजे. तीन जणांकडून भाव घेतले. दोघांचे जवळपास सारखे होते, तिसऱ्याचा चांगलाच कमी. तिसरा शेजाऱ्यांच्या जावयाच्या ओळखीचा होता, बोलायला गोड होता, आणि त्याच्या कागदावर एका नामांकित प्रोफाइल कंपनीचं नाव ठळक छापलेलं होतं. एकूण रक्कम ठरली ४,३६,००० रुपये.

त्या छापलेल्या नावावर काकांनी मोठी भिस्त ठेवली. प्रोफाइल म्हणजे कारखान्यातून येणारी पोकळ प्लास्टिकची पट्टी. ती कापून, कोपरे वितळवून जोडून, आत लोखंडी मजबुतीकरण घालून, काच बसवून खिडकी तयार करतो तो फॅब्रिकेटर, आणि भिंतीत बसवतात त्याची माणसं. कंपनीची दहा वर्षांची हमी होती ती पट्टीच्या रंगाची आणि मालाची. भिंत आणि चौकट यांच्यामधल्या फटीची हमी त्या कागदात कुठेही नव्हती. नंतर काकूंच्या मुलीने पुण्याहून कंपनीत फोन केला, तेव्हा उत्तर मिळालं की हा फॅब्रिकेटर त्यांच्या अधिकृत यादीत नाही. तो त्यांचा माल बाजारातून विकत घेतो, एवढंच. हा फोन जानेवारीत पाच मिनिटांत झाला असता.

बिलाची गोष्टही तेव्हाच ठरली. ‘‘बिल जोईए तो अढार टका उपर,’’ म्हणजे बिल हवं तर जीएसटी वेगळा. ४,३६,००० वर १८ टक्के म्हणजे ७८,४८० रुपये. काकांनी बिल नको म्हटलं. मी त्यांना दोष देत नाही. बडोद्यात, पुण्यात, कुठेही दहातले आठ जण हेच करतील. पण या न दिलेल्या ७८,४८० रुपयांची आठवण पुढे त्यांना बऱ्याचदा झाली.

काम कसं झालं

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मापं घेतली गेली, तेव्हा जुन्या लाकडी चौकटी भिंतीतच होत्या. या प्रकरणाची पहिली गाठ इथेच पडली. जुन्या घरात भिंतीतलं खिडकीचं भगदाड कधीही काटकोनात नसतं. पुढे मी स्वतः मोजलं तेव्हा एकाच खिडकीची रुंदी वर १,२१२ मिलिमीटर आणि खाली १,१९४ मिलिमीटर भरली. चौकट न काढता मापं घेणारा माणूस सगळ्यात कमी माप धरतो आणि वर थोडं आणखी सोडतो, कारण चौकट मोठी झाली तर ती फुकट जाते आणि लहान झाली तर फट बुजवता येते. त्याच्या बाजूने हा हिशोब बरोबरच आहे. पण ती फट घरमालकाच्या भिंतीत राहते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जुन्या चौकटी काढल्या आणि नव्या बसवायला सुरुवात झाली. होळी जवळ आली होती. ज्याने बडोद्यात एकदाही बांधकाम केलं आहे त्याला माहीत आहे की होळीला दाहोद-पंचमहालकडचे मजूर गावी जातात आणि ते कधी परत येतील हे सांगता येत नाही. त्यामुळे शेवटचे तीन दिवस काम पळत झालं. पाण्याच्या निचऱ्याची भोकं, बाहेरचं सिलिकॉन, दरवाज्यांच्या कडांचा रंग अशी जी कामं शेवटी करायची असतात, ती नेमकी या तीन दिवसांत आली.

पैशांचे टप्पे असे ठरले होते: अर्धे आगाऊ, माल आल्यावर ४० टक्के, काम संपल्यावर १० टक्के. आगाऊ २,१८,००० बँकेतून गेले. दुसऱ्या टप्प्याचे १,७४,४०० होते, त्यातले एक लाख यूपीआयने आणि ७४,४०० रोख. रोख रकमेची पावती नाही. काकूंच्या हिशोबाच्या वहीत तारखेसह नोंद आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काकांच्या ‘७४,४०० दिले’ या निरोपाला समोरून आलेला एक अंगठा आहे. शेवटच्या ४३,६०० पैकी २०,००० रुपये २१ मार्चला दिले, कारण ‘माणसं गावी चालली आहेत, त्यांना हातात काहीतरी द्यायला हवं’. काकांना नाही म्हणता आलं नाही. त्यांच्याकडे उरले २३,६००.

होळीच्या आधी काही न देता ‘परत आल्यावर भोकं आणि सिलिकॉन बघू, मग देतो’ असं म्हटलं असतं तर? मी काकांना हे विचारलं. ते म्हणाले, ‘‘अरे, सणाला माणसांना रिकाम्या हाताने पाठवायचं का?’’ मधला मार्ग होता. वीस हजार द्यायचे, पण त्याच वेळी उरलेल्या कामांची चार ओळींची यादी करून खाली त्याची सही घ्यायची. तेव्हा तो खुशीने सही करून गेला असता.

बिघाड एकेक करून

पहिला बिघाड पावसाआधीच आला. मे महिन्यात गॅलरीचा सरकता दरवाजा दुपारी तीननंतर सरकेनासा झाला. सकाळी चालायचा, दुपारी अडायचा. खिडकीवाल्याने फोनवर सांगितलं, ‘‘काका, तमे चिंता ना करो, थई जशे.’’ काळजी करू नका, होऊन जाईल. त्याने एक माणूस पाठवला, त्याने चाकांना तेल सोडलं आणि तो गेला.

तेलाने काही होणार नव्हतं. यूपीव्हीसी उन्हाने वाढतं. साधारणपणे प्रत्येक मीटरला, प्रत्येक अंश सेल्सियसला मिलिमीटरच्या सहा ते आठ शतांश. दरवाजा २.४ मीटर रुंद. मार्चच्या सकाळी पंधरा-सोळा अंशांत बसवलेली चौकट मेच्या दुपारी पश्चिमेच्या उन्हात तीस अंशांनी तापली की पाच मिलिमीटरच्या आसपास लांबते. दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडलेली असेल तर ती लांबी तिथे सामावते. इथे दोन्ही बाजू सिमेंटच्या गिलाव्याने घट्ट धरलेल्या होत्या, म्हणून चौकटीने मध्येच पोट काढलं. शिवाय स्क्रू नव्वद सेंटिमीटरहून जास्त अंतरावर होते. चांगल्या कामात ते कोपऱ्यापासून १५ ते २५ सेंटिमीटरवर सुरू होतात आणि दोन स्क्रूंमध्ये ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवत नाहीत. कर्ण मोजले तर दोन कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे चौकट काटकोनात नव्हती.

जूनच्या अखेरीस पाऊस आला आणि वरच्या मजल्यावरच्या पाच खिडक्यांतून पाणी आलं. काही ठिकाणी आतला गिलावा ओला झाला, एका खिडकीत रूळ भरून पाणी आत सांडलं. काकूंनी खिडक्यांत टॉवेल कोंबले. खिडकीवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘‘वरसादमां तो बधाने पाणी आवे.’’ पावसात सगळ्यांकडेच पाणी येतं.

जुलैत खालच्या खोल्यांचे फ्लश डोअर फुगून फरशीला घासायला लागले. त्याने सुतार पाठवला आणि सुताराने दोन्ही दरवाजे काढून खालून रंधा मारला. मला विचाराल तर या सगळ्या कामातली सगळ्यात वाईट दुरुस्ती हीच. दरवाज्याच्या खालच्या-वरच्या कडा रंगवलेल्या नव्हत्या, तिथून लाकडाने दमट हवा ओढली आणि ते फुगलं. भर पावसाळ्यात तासलेला दरवाजा हिवाळ्यात सुकून आखडतो आणि मग खाली बोटभर फट राहते. जुलैत दरवाजा घासत असेल तर थोडी कळ काढावी, सुकल्यावर कडा बंद कराव्यात, आणि मगच रंधा मारायचा की नाही ते बघावं.

आणि मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीला पूर आला. २०२४ चा पूर बडोदेकरांना वेगळा सांगायला नको. काकांच्या तळमजल्यावर दोन फुटांहून जास्त पाणी होतं. ते दोघं तीन दिवस वरच्या मजल्यावर राहिले, पाच ओल्या खिडक्यांसकट.

मी यात कसा आलो

त्या वर्षी काकूंना गणपती नेहमीच्या जागी, खालच्या दिवाणखान्यात बसवता आला नाही. खाली अजून चिखलाचा वास होता. त्यांनी गणपती वरच्या खोलीत बसवला. मी आरतीला गेलो तर मखरामागच्या खिडकीत टॉवेल दाबलेला. आरती झाल्यावर मी टॉवेल काढून बघितला आणि खिडकीच्या रुळात तांब्याभर पाणी ओतलं. ते बाहेर गेलं नाही. तिथेच उभं राहिलं.

काकांनी तोपर्यंत खिडकीवाल्याला किती फोन केले होते ते त्यांनाही आठवत नव्हतं. निरोप मी वाचले. ‘खिडक्या गळतात.’ ‘सगळ्या खिडक्या गळतात, तुम्ही फसवलंत.’ ‘कधी येणार?’ ‘आमचे पैसे परत द्या.’ समोरून आधी ‘थई जशे’, मग अंगठे, मग काहीच नाही. पुरानंतर त्याने एक लांब निरोप पाठवला होता, आख्ख्या शहरात पाणी शिरलं आहे, तुमच्याच घराचं काय घेऊन बसलात अशा अर्थाचा. काका त्यावर भयंकर चिडले होते. पण मला त्या निरोपात एक उपयोगाची गोष्ट दिसली. तो पुराच्या आड लपणार होता. आणि पूर पहिल्या मजल्यावर चढला नव्हता.

पर्याय

त्या रात्री प्रसादाची वाटी हातात घेऊन आम्ही चौघं बसलो. मुलगी फोनवर होती. चार पर्याय होते.

पहिला, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेणं आणि विषय संपवणं. दुसऱ्या फॅब्रिकेटरने सगळं बघून १,१५,००० सांगितले आणि तेही ‘दुसऱ्याचं काम, त्यामुळे हमी नाही’ असं म्हणून.

दुसरा, ग्राहक आयोग. मुलीचा आग्रह याचाच होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ५० लाखांपर्यंत पैसे दिलेलं काम जिल्हा आयोगाकडे जातं, पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. म्हणजे वेळ होता. बिल नसलं तरी दार बंद होत नाही. बँकेतून आणि यूपीआयने गेलेले ३,३८,००० रुपये, सही असलेला अंदाजपत्रकाचा कागद आणि व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप हाताशी होते. अडचण ७४,४०० रोख रकमेची होती. त्याहून मोठी अडचण ही की आयोगापुढे ‘खिडक्या गळतात’ चाललं नसतं. कुठली, कुठून, कशामुळे, हे दाखवावं लागलं असतं. ते तर आमच्याकडेही नव्हतं.

तिसरा, ओळखीचं दडपण. शेजाऱ्यांच्या जावयाकरवी बोलायचं. काकूंना हे नको होतं. शेजाऱ्यांनी पुरात गॅलरीतून दूध दिलं होतं, त्यांच्याशी यावरून वाकडं घ्यायचं नव्हतं. मला ते पटलं.

चौथा, त्याच माणसाकडून दुरुस्ती करून घेणं, पण आधी प्रत्येक खिडकीचा दोष वेगळा लिहून. याला काकांचा विरोध होता. ‘‘ज्याने बिघडवलं त्याच्याच हातात परत द्यायचं?’’ प्रश्न रास्त होता. माझं म्हणणं एवढंच होतं की यादी केली तर ती चारही पर्यायांना लागेल. दुसऱ्याकडे गेलो तरी लागेल, आयोगाकडे गेलो तरी लागेल. म्हणून निर्णय पुढे ढकलून आधी यादी करायची ठरली. काका या प्रकरणात पहिल्यांदा गप्प बसले.

यादी

पुढच्या रविवारी मी ओळंबा, स्पिरिट लेव्हल, टेप आणि बागेची नळी घेऊन गेलो. पाण्याची तपासणी करताना एक गोष्ट पाळायची, ती म्हणजे खालून वर जायचं. आधी खिडकीच्या खालच्या दगडावर पाच-सात मिनिटं पाणी सोडायचं आणि आत कुणीतरी बघत राहायचं. मग खालचा जोड, मग बाजू, मग वरचा जोड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि ते शिरलं कुठून ते कळत नाही. काकू आत टॉर्च घेऊन बसल्या होत्या. त्यांनी फटींच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरवली होती, म्हणजे पाण्याची पहिली रेघ लगेच उमटते. ही युक्ती त्यांची, माझी नाही.

निघालं ते असं. दोन खिडक्यांच्या बाजूंना २० ते २५ मिलिमीटर फट होती. चौकट आणि भिंत यांच्यात साधारण ५ ते १० मिलिमीटर जागा हवी. ती फोमने भरून बाहेरून सिलिकॉनने बंद करतात. इथे एवढी मोठी फट नुसत्या फोमने भरून, फोम सुरीने कापून, वर पुट्टी फासली होती. कापलेला फोम पाणी शोषतो आणि उन्हात पिवळा पडून भुगा होतो. बाहेरचं सिलिकॉन धुळकट रंगावर ओढलेलं होतं. नखाने उचकटलं तर पट्टीसारखं निघून आलं. तिसऱ्या खिडकीच्या निचऱ्याच्या खाचा गिलावा करताना सिमेंटने बुजल्या होत्या. चौथीला, मखरामागच्या खिडकीला, खाचा पाडायच्याच राहिल्या होत्या. होळीच्या आधीच्या घाईतली ती खिडकी असणार. पाचवीत पाणी फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यातून यायचं, तेही नळी अगदी वर धरली तरच. मी लिहिलं: ‘वरच्या जोडाचं सिलिकॉन सुटलं आहे.’

सरकत्या दरवाज्याची मापं वर दिली आहेतच.

फ्लश डोअर यादीतून काढायचे की ठेवायचे यावर पुन्हा वाद झाला. काकांच्या मते तीच सगळ्यात उघड फसवणूक होती. पण आता त्या दरवाज्यांवर पुराच्या पाण्याची रेघ होती. फुगण्यातलं जुलैचं किती आणि ऑगस्टचं किती, हे कुणीच वेगळं करून दाखवू शकणार नव्हतं. ते यादीत ठेवले असते तर समोरच्याला पुराविषयी बोलायची जागा मिळाली असती, आणि त्या जागेतून त्याने वरच्या पाच खिडक्याही ओढल्या असत्या. आम्ही ते सोडून दिले. दोन दरवाज्यांचे पैसे असे गेले. काकांना ते अजून सलतं.

यादी एका पानाची झाली: खोली, खिडकी, कोपरा, दोष, माप, फोटो, काय करायला हवं. फोटो जुलैचे, म्हणजे पुराआधीचे, काकूंच्या फोनमध्ये तारखेसह होते. त्यांनी ते मुलीला दाखवायला काढले होते. या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा कुणी पुरावा म्हणून गोळा केलाच नव्हता.

पत्र, नोटीस आणि दसऱ्यानंतरचा सोमवार

यादीसह साधं पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, पंधरा दिवसांची मुदत देऊन. उत्तर नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वकिलाची नोटीस गेली. नवरात्र सुरू झालं होतं. बडोद्यात त्या नऊ रात्रींत दुसरं काही हलत नाही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी खिडकीवाला स्वतः आला, हातात आमचीच यादी घडी करून.

तो घाबरून आला नव्हता, थोडा हायसं वाटून आला होता. नंतर त्याने मला जिन्यात सांगितलं की काका ‘सगळ्या खिडक्या’ आणि ‘पैसे परत’ म्हणत होते, तेव्हा त्याला वाटलं होतं की एकदा दार उघडलं की चार लाखांचं काम पुन्हा करावं लागणार. म्हणून त्याने फोन उचलणं बंद केलं. यादी वाचल्यावर त्याने हिशोब केला तो दोन दिवसांच्या मजुरीचा. नोटिशीचा दाब होता, काकांकडे अडकलेले २३,६०० होते, हे खरं. पण माझ्या मते तो आला तो त्या एका पानामुळे. काका हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते तो फक्त वकिलाला भ्याला.

आम्ही यादी घेऊन खोलीखोलीतून फिरलो. तांब्याभर पाणी रुळात ओतलं, ते उभं राहिलं, आणि त्याने काही न बोलता त्या ओळीपुढे सही केली. पहिल्या चार खिडक्या आणि सरकता दरवाजा त्याने मान्य केला. पाचव्या खिडकीशी अडला. ‘‘आ बारीमांथी नथी. छज्जामांथी आवे छे.’’ हे पाणी खिडकीचं नाही, छज्जाचं आहे. काका म्हणाले, आता छज्ज्यावर ढकलतोस? मीही नळीची तपासणी सांगितली. बराच वेळ ताणल्यावर तो म्हणाला, ठीक आहे, तिथेही नवं सिलिकॉन मारून देतो. आणि सही केली.

परतावा मागायचा की दुरुस्ती घ्यायची, हा शेवटचा प्रश्न होता. मुलीचं म्हणणं होतं की निदान पन्नास हजार परत मागा. काकूंनी निकाल दिला: ‘‘मला पैसे नकोत, मला पावसात झोप हवी.’’ साध्या कागदावर लिहिलं गेलं: दुरुस्ती झाली की १२,००० आणि पुढच्या वर्षीचा जुलैचा पाऊस पाहून उरलेले ११,६००. दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून माझी झाली.

दुरुस्ती

दिवाळी गेली, देवदिवाळी गेली, मग माणसं आली. दोन दिवसांच्या कामाला सहा दिवस लागले. फटवाल्या दोन खिडक्या पूर्ण काढल्या, भगदाडाच्या बाजू गिलाव्याने भरून काटकोनात आणल्या, तो गिलावा पिकू दिला आणि मग चौकटी परत बसवल्या. या वेळी फोमवर भरवसा न ठेवता बाहेर फटीत फोमची दोरी दाबून तिच्यावर सिलिकॉन दिलं, आणि आधी कडा घासून पुसून घेतल्या. निचऱ्याच्या खाचा ड्रिलने मोकळ्या केल्या आणि नव्या पाडल्या. या कामाला प्रत्येक खिडकीला अर्धा तास लागला. मार्चमध्येही तेवढाच लागला असता. सरकता दरवाजा काढून कर्ण जुळवून, दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून बसवला.

या सहा दिवसांत मी रोज संध्याकाळी गेलो. हे मी काकांसाठी केलं. सगळ्यांना असा माणूस मिळणार नाही याची मला जाणीव आहे. पण संध्याकाळी बघायचं होतं ते कुणालाही बघता आलं असतं: गिलाव्याने झाकण्याआधी स्क्रू किती अंतरावर आहेत, आणि तांब्याभर पाणी बाहेर जातं का.

२०२५ चा पाऊस

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला त्या रात्री काकूंचा फोन आला. चार खिडक्या कोरड्या. दरवाजा मेमध्ये दुपारीही सरकत होता. पाचव्या खिडकीत, वरच्या डाव्या कोपऱ्यात, ओल.

मी दुसऱ्या दिवशी गच्चीवरून वाकून छज्जा बघितला. छज्जा आणि भिंत मिळतात तिथे पातळ तडा होता आणि छज्ज्याचा उतार, इतक्या वर्षांत कधीतरी, भिंतीकडे झाला होता. तासभर संथ पाऊस पडला की तिथे पाणी साठायचं आणि तड्यातून भिंतीत उतरून खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात निघायचं. सप्टेंबरमध्ये मी नळी वरच्या जोडापर्यंत नेली होती. छज्ज्यावर पाणी साठवून बघितलं नव्हतं. नळी वर धरल्यावर कोपऱ्यात जे पाणी आलं ते छज्ज्यावर उडालेल्या पाण्याचं होतं, आणि मला जे उत्तर हवं होतं तेच मी लिहून ठेवलं. तो माणूस खरं बोलत होता. पण त्याआधी तो इतक्या वेळा खोटं बोलला होता की आम्ही त्याचं ऐकूनच घेतलं नाही.

गवंड्याने छज्ज्यावर उतार दिला, कोपऱ्यात सिमेंटची गोलाई केली, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले. खर्च ४,५०० रुपये. त्यानंतर ती खिडकी कोरडी आहे.

जुलैच्या अखेरीस काकांनी खिडकीवाल्याला बोलावून ११,६०० रुपये दिले आणि छज्ज्याचं सांगितलं. मला वाटलं होतं तो बोलून दाखवेल. ‘‘में तो पहेलेथी ज कीधेलुं, काका,’’ मी तर आधीच सांगितलं होतं, एवढंच म्हणाला आणि चहा प्यायला. मग खालच्या खोलीतून जाताना त्याचं लक्ष फ्लश डोअरकडे गेलं. खाली बोटभर फट होती. तो वाकला, फटीत बोट घालून बघितलं आणि म्हणाला, याला खालून पट्टी मारून देतो, पैसे नकोत.

ती पट्टी अजून आलेली नाही.